हिमालयाच्या बर्फात मान्सूनचा हजार वर्षांचा हिशेब कसा सापडतो? आणि तो वाचवण्यासाठी अंटार्क्टिकात गुहा का खोदावी लागली?

१४ जानेवारी २०२६. आपल्याकडे संक्रांतीचा तिळगूळ वाटला जात होता, त्याच दिवशी अंटार्क्टिकाच्या पठारावर एका गुहेचं उद्घाटन झालं. फ्रान्स आणि इटली मिळून चालवत असलेल्या कॉन्कॉर्डिया या संशोधन केंद्राजवळ, बर्फाच्या पृष्ठभागाखाली सुमारे १० मीटर खोल, ३५ मीटर लांबीची ही गुहा आहे. आतलं तापमान वर्षभर उणे ५२ अंश सेल्सिअसच्या आसपास. ना वीज लागत, ना कॉम्प्रेसर.

आणि आत ठेवलं काय? बर्फच. युरोपातल्या आल्प्स पर्वतातून काढलेले बर्फाचे दंडगोल, सुमारे १.७ टन वजनाचे, इटलीच्या त्रिएस्ते बंदरातून 'लॉरा बास्सी' या जहाजावर चढवून थेट पृथ्वीच्या दक्षिण टोकाला नेण्यात आले. समुद्रावर मिठाचं पोतं वाहून नेण्यासारखाच हा प्रकार वाटतो. पण या बर्फाची किंमत त्याच्या थंडपणात नाही, त्यात साठलेल्या नोंदींमध्ये आहे. या नोंदी केवळ आल्प्सपुरत्या नसतात. दख्खनमध्ये सव्वादोनशे वर्षांपूर्वी पडलेल्या भीषण दुष्काळाचा पुरावाही अशाच एका बर्फाच्या दंडगोलात सापडला आहे, तोही हिमालयात, ७,२०० मीटर उंचीवर.

हा बर्फ बोलतो कसा, आणि त्याला अंटार्क्टिकात नेऊन ठेवण्याची वेळ का आली, हे समजून घेऊ.

बर्फात नोंद होते म्हणजे नक्की काय होतं?

उंच पर्वतांवर काही जागा अशा असतात, जिथे पडलेला हिम वर्षभरात पूर्ण वितळत नाही. पुढच्या वर्षी त्यावर नवा थर बसतो, मग त्यावर आणखी एक. वरच्या वजनाने खालचा भुसभुशीत हिम दाबला जातो आणि काही वर्षांत त्याचा टणक बर्फ होतो. रद्दीची थप्पी डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर आजचा पेपर, तळाशी जुनाट अंक.

हिम पडताना एकटा येत नाही. त्याच्याबरोबर हवेतली धूळ, समुद्राचं मीठ, वणव्याची काजळी, ज्वालामुखीचं गंधक, झाडांचे परागकण आणि कारखान्यांच्या धुरातले धातू, असं सगळं खाली बसतं. कोरड्या ऋतूत धूळ जास्त, म्हणून थर मळकट. ओल्या ऋतूत बर्फ स्वच्छ. एक मळकट आणि एक स्वच्छ पट्टी मिळून झालं एक वर्ष.

हे थर वाचायचे तर वरून खालपर्यंत सलग बर्फ बाहेर काढावा लागतो. महाराष्ट्रात बोअर मारणारी गाडी पाहिली नसेल असा माणूस विरळाच. इथलं तत्त्वही जवळपास तेच, फक्त हेतू उलटा. बोअरमध्ये भोक हवं असतं आणि निघालेला भुगा टाकून देतात. इथे भोकाशी कुणाला देणंघेणं नाही, पोकळ नळीत अडकून वर येणारा बर्फाचा दंडगोल हवा असतो. त्यालाच आइस कोअर किंवा बर्फाचा गाभा म्हणतात. मनगटापेक्षा जरा जाड, साधारण मीटरभर लांबीचे असे तुकडे एकामागोमाग काढत खडकापर्यंत जायचं.

खाली जावं तसे थर पातळ होत जातात, कारण वजनाने ते दाबले जातात आणि बाजूला पसरतात. त्यामुळे वरच्या शंभर मीटरमध्ये काही शतकं मावतात, तर तळाच्या शेवटच्या काही मीटरमध्ये हजारो वर्षं. म्हणूनच गाभा काढताना खडकाला टेकेपर्यंत पथकाचा जीव थाऱ्यावर नसतो.

बिअरच्या बाटलीतून सुरू झालेलं शास्त्र

धूळ आणि काजळी दिसते. पण तापमान किंवा पाऊस बर्फावरून कसा कळतो? त्यासाठी जून १९५२ मध्ये कोपनहेगनला जावं लागेल. विली डान्सगार्ड या शास्त्रज्ञाने घराच्या हिरवळीवर बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळं खोचून पाऊस गोळा केला आणि प्रयोगशाळेत तपासला. पावसाचं पाणी प्रत्येक वेळी सारखं नसतं, हे त्याच्या लक्षात आलं.

पाण्यातल्या ऑक्सिजनचे दोन मुख्य प्रकार असतात, एक हलका आणि एक किंचित जड. बाष्पीभवनात हलकं पाणी आधी उडतं. ढगातून पाऊस पडताना मात्र जड पाणी आधी खाली येतं. ढग थंड प्रदेशाकडे किंवा उंच डोंगराकडे सरकत जातो, तसतसं त्यातलं जड पाणी वाटेतच सांडत जातं. म्हणजे हवा जितकी थंड, तितका शेवटी पडणारा हिम हलका. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फातून लाखो वर्षांचं तापमान काढलं जातं, ते मुख्यतः याच गुणोत्तरावरून.

मान्सूनच्या पट्ट्यात हे गणित इतकं सरळ राहत नाही. इथे ढग हिमालयाला टेकण्याआधीच वाटेत धो धो बरसलेले असतात. जोराचा पाऊस झाला तरी जड पाणी कमी होतं. मग हिमालयातल्या एखाद्या थरात हलकं पाणी जास्त सापडलं, तर ते वर्ष थंड होतं की पावसाचं? या प्रश्नावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद चालू आहे आणि तो पूर्ण मिटलेला नाही. त्यामुळे हिमालयातला गाभा वाचताना एका खुणेवर कुणी विसंबत नाही. धूळ, क्षार, थराची जाडी, सगळं शेजारी ठेवून पाहावं लागतं.

ध्रुव सोडून डोंगरावर कशाला?

अंटार्क्टिकातला सलग नोंद देणारा बर्फ आठ लाख वर्षांहूनही जुना आहे. मग पाच-सहा हजार मीटर चढून, यंत्रं पाठीवर वाहून काही शे ते काही हजार वर्षांचा बर्फ काढायचा खटाटोप कशासाठी?

कारण ध्रुवावर माणसं राहत नाहीत. तिथला बर्फ पृथ्वीचं सरासरी चित्र सांगतो, वातावरणात कार्बन डायऑक्साइड किती होता तेही सांगतो. पण पेरूच्या शेतकऱ्याला किती पाऊस मिळाला किंवा गंगेच्या मैदानात कोणत्या साली पावसाने दगा दिला, हे त्याला माहीत नसतं. जगातली बहुसंख्य लोकसंख्या राहते त्या उष्ण आणि समशीतोष्ण पट्ट्याच्या नोंदी त्याच पट्ट्यातल्या उंच शिखरांवर आहेत.

ही गोष्ट सर्वात चिकाटीने लावून धरली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लॉनी थॉम्प्सन यांनी. १९७४ मध्ये ते पेरूमधल्या केल्काया या हिमटोपीवर पहिल्यांदा पोहोचले. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फाचा गाभा काढता येईल, यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. ५,६७० मीटर उंचीवर जड जनरेटर नेणार कसा? शेवटी १९८३ मध्ये थॉम्प्सन यांच्या पथकाने सौर पॅनेलवर चालणारं ड्रिल नेलं आणि सुमारे दीड हजार वर्षांची नोंद खाली आणली.

'खाली आणली' म्हणायचं, पण बर्फ आणला नाही. तो गोठलेला ठेवून खाली नेण्याची सोयच नव्हती. म्हणून पथकाने तिथेच गाभ्याचे तुकडे कापले, वितळवले आणि पाणी बाटल्यांत भरून आणलं. त्या काळच्या चाचण्यांना तेवढं पुरेसं होतं. पुढे नवी तंत्रं आली, बर्फात अडकलेले विषाणूसुद्धा वाचता येऊ लागले, आणि अख्खा बर्फ जपून ठेवण्याचं महत्त्व कळलं. तिबेटच्या पठारावरच्या गुलिया हिमटोपीतून २०१५ मध्ये काढलेल्या बर्फात २०२१ साली ३३ विषाणूंचे जनुकीय अवशेष ओळखले गेले. त्यांतले २८ विज्ञानाला तोवर माहीतच नव्हते.

दासुओपू: बर्फातला दुष्काळ

१९९७ मध्ये थॉम्प्सन यांचं पथक चिनी शास्त्रज्ञांबरोबर तिबेटमधल्या शिशापांगमा शिखराच्या दासुओपू हिमनदीवर गेलं. मुक्काम ७,२०० मीटरवर. एव्हरेस्टवर चढणारे गिर्यारोहक या उंचीच्या वरच्या तळांवर शक्य तितका कमी वेळ थांबतात. हे लोक तिथे ड्रिल चालवत होते.

हाती आलेल्या गाभ्यात सुमारे हजार वर्षांचा मान्सून होता. दासुओपूवर वर्षाला भरपूर हिम पडतो, त्यामुळे वरचे थर जाड आणि स्पष्ट आहेत. मान्सून चांगला असेल त्या वर्षी धूळ आणि क्लोराइड हा क्षार दोन्ही कमी. पाऊस फसला की भारत आणि नेपाळच्या बाजूची जमीन, तळ्यांचे कोरडे तळ उघडे पडतात, वारा ती माती उचलतो आणि हिमालयाच्या माथ्यावर नेऊन टाकतो. धूळ वाढलेला थर म्हणजे फसलेला पावसाळा.

२००० साली 'सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हजार वर्षांत अनेक दुष्काळांच्या खुणा होत्या. पण सर्वांत तीव्र ठरला तो १७९० ते १७९६ या काळातला. एक-दोन नव्हे, सात वर्षं.

या काळाची आपल्याकडे कागदोपत्री ओळख आहे. १७९१-९२ चा दुष्काळ इंग्रजी नोंदींमध्ये 'कवट्यांचा दुष्काळ' म्हणून येतो. इतकी माणसं मेली की पुरायला किंवा जाळायला कुणी उरलं नाही, म्हणून हे नाव. हैदराबाद, दक्षिण मराठी मुलूख, गुजरात, मारवाड असा त्याचा पसारा होता. मद्रास इलाख्याच्या उत्तर भागात तर एकाच भागात सुमारे सहा लाख माणसं दगावल्याचे अंदाज आहेत. पुण्यात तेव्हा सवाई माधवराव पेशवे गादीवर होते आणि नाना फडणवीस कारभार पाहत होते.

हिमालयातल्या बर्फाला हे काहीच माहीत नव्हतं. त्याने फक्त धूळ साठवली. नंतर २०१० मध्ये आशियाभरातल्या झाडांच्या वर्षवलयांवरून मान्सूनच्या दुष्काळांचा नकाशा तयार झाला, तेव्हा गेल्या हजार वर्षांतल्या चार मोठ्या दुष्काळांमध्ये १७९०-९६ चं नाव पुन्हा वर आलं. झाड वेगळं, बर्फ वेगळा, पद्धत वेगळी, आणि उत्तर एकच. अशा जुळण्यालाच या क्षेत्रात वजन असतं.

आता यातला महाराष्ट्राच्या कामाचा भाग. भारतीय हवामान विभाग स्थापन झाला १८७५ मध्ये. देशाच्या पावसाची सलग, विश्वासार्ह आकडेवारी साधारण तेव्हापासूनची, म्हणजे दीडशे वर्षांची. धरणं किती मोठी असावीत, पाण्याचे टँकर किती लागतील, पीक विम्याचा हप्ता किती असावा, हे सगळे हिशेब याच दीडशे वर्षांच्या चौकटीत मांडले जातात. १९७२ चा दुष्काळ आजही घराघरांत सांगितला जातो. सुकडी, रोजगार हमी, खडी फोडायला गेलेल्या बाया, हे आठवणारी पिढी अजून आहे. तो दुष्काळ मानगुटीवर बसला, कारण पावसाने लागोपाठ दोन-तीन वर्षं साथ सोडली होती.

बर्फ सांगतो की या उपखंडात सात वर्षांची ओढ बसलेली आहे. कारखाने, मोटारी, कोळशाची वीजकेंद्रं यांतलं इथे काहीही नसताना. म्हणजे मान्सूनच्या स्वतःच्या स्वभावातच इतकं मोठं अपयश बसतं, आणि पर्जन्यमापकाच्या वहीत ते नाही, कारण वही नंतर सुरू झाली. त्यावर आता तापमानवाढ येऊन बसली आहे. पूर्वीचा वाईटात वाईट काळ किती वाईट होता हे ठाऊक नसेल, तर पुढचा किती वाईट असू शकेल याचा अंदाज कशाच्या आधारावर बांधणार?

दासुओपूचा तोच गाभा आणखी दोन गोष्टी सांगतो. एक, विसाव्या शतकात तिथल्या बर्फात धूळ चौपट आणि क्लोराइड दुप्पट झालं. वाऱ्याच्या दिशेला भारत आणि नेपाळ आहेत. वाढती शेती, वाढती वस्ती, उघडी पडलेली जमीन, सगळ्याची पावती माथ्यावर पोहोचली. दोन, २०२० मध्ये याच बर्फाची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा १७८० च्या सुमारापासून कॅडमियम, क्रोमियम, निकेल, जस्त असे धातू वाढलेले दिसले. युरोपात औद्योगिक क्रांती सुरू होऊन कोळसा जळू लागला, त्याचा धूर हिमालयावर पोहोचला. जस्ताचा काही भाग जंगलं जाळून जमीन मोकळी करण्यातूनही आला असावा, असं संशोधकांना वाटतं. शिशापांगमावर माणसाचं पहिलं पाऊल पडलं १९६४ मध्ये. आपला धूर तिथे जवळपास पावणेदोनशे वर्षं आधीच जाऊन बसला होता.

पण थराचं साल ठरवतात कसं?

वरचे थर मोजता येतात. मोजणी चुकू नये म्हणून मध्ये मध्ये मैलाचे दगड लागतात. मोठे ज्वालामुखी हे काम करतात. पेरूमधला हुआयनापुतिना १६०० मध्ये फुटला, त्याची राख केल्कायात आहे. इंडोनेशियातला तांबोरा १८१५ चा.

दुसरा दगड माणसानेच रोवला. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाने वातावरणात अणुचाचण्यांचा सपाटा लावला. त्यांतून निघालेली किरणोत्सारी धूळ जगभर पसरली आणि १९६३ च्या आसपास तिचं प्रमाण शिगेला पोहोचलं. त्यानंतर वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी आणणारा करार झाला आणि ती घटली. जगातल्या कुठल्याही उंच हिमनदीचा गाभा घ्या, हा किरणोत्साराचा उंचवटा सापडला की तिथे १९६३ लिहायचं.

तळाच्या थरांबाबत मात्र सावध राहावं लागतं. गुलियातून १९९२ मध्ये काढलेल्या गाभ्याचा तळ पाच लाख वर्षांहून जुना असल्याचं आधी सांगितलं गेलं होतं. पुढे त्या हिमटोपीच्या कडेच्या बर्फाचं क्रिप्टॉन वायूवरून वय काढलं, तेव्हा ते काही हजार ते काही दहा हजार वर्षांच्या पलीकडे जाईना. किलिमांजारोचंही तसंच. तिथला बर्फ २०१५ ते २०२० च्या दरम्यान नाहीसा होईल, असा अंदाज २००२ मध्ये वर्तवला गेला होता. तो बर्फ खूप आटला, पण अजून आहे. हवामानबदल नाकारणारे लोक असे फसलेले अंदाज हमखास नाचवतात. ते फसले हे मान्य करण्यात काही गैर नाही. किलिमांजारोवरचा बहुतेक बर्फ विसाव्या शतकातच गेला, ही गोष्ट त्याने बदलत नाही.

गुर्ला मांधातावरचा गहाळ थर

१९६३ चा तो उंचवटा जगभर सापडतो, असं आताच म्हटलं. २००६ मध्ये थॉम्प्सन यांच्या पथकाला तो सापडला नाही.

जागा होती नाइमोनान्यी. भारतीय यात्रेकरूंना हा पर्वत गुर्ला मांधाता या नावाने माहीत आहे. मानसरोवराच्या दक्षिणेला उभा असलेला, कैलास यात्रेच्या फोटोंत हमखास येणारा. तिथे सुमारे ६,०५० मीटरवरून काढलेल्या गाभ्यात अणुचाचण्यांची खूण शोधली गेली. १९६३ ची नाही. त्याआधीच्या १९५० च्या दशकातल्या चाचण्यांचीही नाही.

म्हणजे खुणा बसल्याच नव्हत्या असं नाही. त्या ज्या थरांत होत्या, ते थरच उरले नव्हते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, निदान १९५० पासून या हिमनदीवर निव्वळ भर पडलेली नाही. वरून वितळत वितळत ती इतकी खाली आली की २००६ मध्ये पृष्ठभागावर होता तो बर्फ अणुयुगाच्या आधीचा होता. बँकेत नवी ठेव नाही आणि जुन्या ठेवीतून रोज पैसे काढणं चालू, असा हा व्यवहार.

हिमनदी आक्रसते म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिचं खालचं टोक मागे सरकताना येतं. उपग्रहाच्या छायाचित्रांत तेच दिसतं. गुर्ला मांधातावर जे घडलं ते त्या छायाचित्रांत सहज दिसणारं नाही. तिथे माथाच झिजतो आहे.

एव्हरेस्टवरही तेच?

२०१९ मध्ये एव्हरेस्टच्या साउथ कोलवर ८,०२० मीटरवरून दहा मीटर लांबीचा गाभा काढण्यात आला. जगातला सर्वात उंचावरचा. कार्बनवरून वय काढलं तर अगदी वरचा बर्फच सुमारे दोन हजार वर्षांचा निघाला. वरचा सगळा गायब. गेल्या साधारण २५ वर्षांत तिथली ५५ मीटरच्या आसपास जाडी गेल्याचा अंदाज २०२२ च्या अभ्यासात मांडला गेला, म्हणजे तो बर्फ साठायला लागला त्याच्या सुमारे ८० पट वेगाने. इतक्या थंड जागी तो जातो कसा? पांढरा हिम सूर्यप्रकाश परतवतो. तो उडून गेला की खालचा गडद बर्फ उघडा पडतो, ऊन शोषतो आणि पाणी न होता थेट वाफ होऊनही उडतो.

बर्फ शाबूत, पण शाई पसरलेली

बर्फ पूर्ण जाण्याची वाटही पाहावी लागत नाही. स्वित्झर्लंडमधल्या ग्राँ कोंबॅं पर्वतावर २०१८ मध्ये एक गाभा काढला होता. त्यात ऋतूंचे चढउतार स्वच्छ दिसत होते. दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, पथक त्याच हिमनदीवर पुन्हा गेलं, तर आत पाण्याने भरलेले थर लागले आणि ड्रिल पुढे सरकेना. जो बर्फ हाती आला, त्यातल्या रासायनिक खुणा पुसट झाल्या होत्या. वरचं वितळलेलं पाणी आत झिरपलं आणि क्षार धुऊन घेऊन गेलं. वही भिजल्यावर पानं राहतात, अक्षरं जातात, तसं. २०२४ मध्ये या दोन गाभ्यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला तो या दोन वर्षांच्या अंतराचा.

आल्प्समधल्या बर्फात काय काय होतं, हे पाहिलं की त्या नुकसानीची कल्पना येते. इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या कोले न्यिफेत्तीच्या गाभ्यात १३४९ ते १३५३ या काळात शिशाचं प्रमाण जवळपास शून्यावर आलेलं दिसतं. प्लेगने युरोपातली इतकी माणसं मेली की खाणी आणि भट्ट्या थंडावल्या. माणसाने हवेत शिसं सोडायचं कधी थांबवलं होतं, तर तेव्हाच.

म्हणून ती गुहा

फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडच्या संशोधकांचा 'आइस मेमरी' हा प्रकल्प याच घाईतून उभा राहिला. कल्पना सोपी आहे. प्रत्येक हिमनदीतून किमान दोन गाभे काढायचे. एक आजच्या प्रयोगशाळांसाठी, दुसरा अजून जन्मलेही नाहीत अशा शास्त्रज्ञांसाठी. केल्कायाच्या त्या बाटल्या आठवा. १९८३ मध्ये कुणाला ठाऊक होतं की पुढे बर्फातले विषाणू वाचता येतील? २०१६ मध्ये मों ब्लां, २०१७ मध्ये बोलिव्हियातला इलिमानी, २०१८ मध्ये रशियातले बेलुखा आणि एल्ब्रुस, असे गाभे जमत गेले. ग्राँ कोंबॅंवर २०२५ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला आणि या वेळी गाभा मिळाला. मों ब्लांबरोबर तोच आता कॉन्कॉर्डियाच्या गुहेत आहे.

साध्या शीतगृहात का नाही ठेवत? २०१७ मध्ये कॅनडातल्या एका विद्यापीठात शीतगृह बिघडलं आणि आर्क्टिकमधून आणलेल्या बर्फाचा मोठा साठा रातोरात पाणी झाला. त्यातला काही हजारो वर्षांचा होता. अंटार्क्टिकात वीज जाण्याचा प्रश्न नाही, आणि अंटार्क्टिक करारामुळे ती जमीन कुण्या एका देशाची मालमत्ता नाही. इतर दोष आहेतच. एवढ्या दूर बर्फ नेण्याचा खर्च आणि जहाजाचा धूर. आणि एकदा ठेवलेला गाभा परत मागायचा तर तो कुणी, कोणत्या अटीवर द्यायचा, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांसाठीच शिल्लक आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये ताजिकिस्तानातल्या पामीर पर्वतातल्या कोन चुकुरबाशी हिमटोपीवरून, सुमारे ५,८०० मीटरवरून, शंभर मीटरहून अधिक लांबीचे दोन गाभे काढले गेले. एक जपानच्या होक्काइदो विद्यापीठाकडे, दुसरा गुहेसाठी. मध्य आशियाच्या या भागात बरीच वर्षं हिमनद्या इतरांसारख्या आटत नव्हत्या. त्यामागचं कारण त्या बर्फात सापडेल, अशी अपेक्षा आहे.

हिमालयाच्या मुख्य रांगेचं नाव मात्र या यादीत अजून नाही. इथे अडचण फक्त उंचीची नाही. चांगल्या जागा बहुधा सीमांवर किंवा सीमांलगत आहेत आणि भारत, चीन, नेपाळ यांच्या परवानग्या जुळवून आणणं हे ड्रिल वर नेण्यापेक्षा अवघड काम आहे. भारताच्या बाजूच्या हिमनद्यांची आणखी एक अडचण म्हणजे त्यांतल्या बऱ्याच तुलनेने कमी उंचीवर आहेत. उन्हाळ्यात पाणी आत झिरपतं आणि जी गत ग्राँ कोंबॅंची झाली, ती तिथे आधीपासूनच होत आली आहे. थंड, कोरडे, न वितळणारे माथे मोजकेच.

भारताकडे या विषयातलं कौशल्य नाही असं नाही. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे गाभे उणे २० अंशांवर ठेवलेले आहेत आणि तिथे त्यांचं विश्लेषणही होतं. याच संस्थेचं 'हिमांश' हे केंद्र २०१६ पासून हिमाचलमधल्या चंद्रा खोऱ्यात, १३,५०० फुटांहून उंच जागी, हिमनद्यांचं मोजमाप करतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत झाडांच्या वर्षवलयांवरून मान्सूनचा इतिहास काढण्याचं काम अनेक वर्षं चाललं आहे. म्हणजे बर्फ वाचणारे आणि त्याची पडताळणी करणारे दोघेही इथे, कोकण किनाऱ्यापासून पुण्यापर्यंतच्या पट्ट्यात बसलेले आहेत.

काठमांडूच्या आयसीआयएमओडी या संस्थेच्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातला बर्फ त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटला. दासुओपूचा गाभा काढून आता जवळपास तीन दशकं झाली. १९९७ नंतरचा मान्सून त्यात नाही. २००२ आणि २००९ ची अवर्षणं नाहीत, मराठवाड्यातली २०१५ ची होरपळ नाही, आणि लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते २०१६ ही नाही. त्या वर्षांची धूळही वाऱ्याबरोबर वर गेलीच असेल. ती ज्या थरांत बसली, ते थर शिशापांगमाच्या माथ्यावर आज किती शाबूत आहेत, हे तिथे पुन्हा ड्रिल लागल्यावरच कळेल.